चूक करणाऱ्याच्या पगारातून कापलं तर डेटा सुरक्षित राहील का?

नमस्कार. तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मला समजला तो असा: तुर्भ्यात तुमची कस्टम क्लिअरन्स आणि मालवाहतुकीची फर्म आहे, सत्तर माणसं. गेल्या महिन्यात एका जुन्या ट्रान्सपोर्टरच्या नावाने 'आमचं बँक खातं बदललंय' असा मेल आला. अकाउंट्समधल्या मुलीने नव्या खात्यावर ३ लाख ८० हजार रुपये पाठवले. खरा ट्रान्सपोर्टर पंधरा दिवसांनी पैसे मागायला आला तेव्हा सगळं उघडकीला आलं. आता मालकांचं म्हणणं, अँटिव्हायरस घेतला, फायरवॉल घेतला, तरी माणसं घोळ घालतातच. यापुढे ज्याची चूक त्याच्या पगारातून वसुली. तुम्ही ॲडमिन आणि एचआर दोन्ही बघता, आणि कर्मचाऱ्यांनी डेटा सुरक्षेसाठी काय करायचं याची दोन पानी नियमावली तुम्हाला हवी आहे, खाली सगळ्यांच्या सह्या घेण्यासाठी.

नियमावलीत काय असावं ते पुढे लिहिलं आहे. पण तुमची खरी अडचण नियम नाहीत ही नाही. तुमच्या ऑफिसात एखाद्याला शंका आली, किंवा हातून काही चुकलं, तर पुढच्या दहा मिनिटांत तो काय करतो? शेजारच्याला विचारतो, तुमच्याकडे येतो, की स्क्रीन बंद करून गप्प बसतो? कर्मचाऱ्यांची डेटा सुरक्षेतली भूमिका मला विचाराल तर ती मुख्यतः या दहा मिनिटांत आहे.

मी बावीस वर्षं या कामात आहे. सुरुवात वागळे इस्टेटमध्ये कॉम्प्युटर दुरुस्तीने झाली. आता ठाणे-बेलापूर रोडवरच्या मध्यम आकाराच्या कंपन्यांची माहिती सुरक्षा बघते. महापे, रबाळे, तुर्भे, थोडं कळंबोली. पगारातून कापायचा नियम लावलेल्या तीन ठिकाणी मी काम केलंय. तिथे चुका कमी झालेल्या मी पाहिल्या नाहीत. चुका कानावर यायच्या बंद झाल्या, एवढं मात्र पाहिलं.

महाप्याच्या एका कंपनीतली गोष्ट सांगते, कारण ती अजून मनातून जात नाही. डिस्पॅचमध्ये एक मुलगा होता, चोवीस-पंचवीसचा, कळव्याहून यायचा. शुक्रवारी संध्याकाळी सहाच्या सुमाराला त्याने 'डिलिव्हरी चलन' नावाची फाइल उघडली. क्षणभर काळी खिडकी आली आणि गेली, फाइल काही उघडली नाही. काहीतरी गडबड आहे हे त्याला कळलं होतं. पण महिन्यापूर्वीच त्याच्या सहकाऱ्याला असल्याच कारणावरून सगळ्यांसमोर झापलं होतं, वर दोन हजार कापले होते. तो गप्पच घरी गेला. शनिवार-रविवार ती फाइल पाठवणारे चोर कंपनीच्या नेटवर्कमध्ये आतून निवांत फिरत होते. सोमवारी सकाळी सर्व्हरवरच्या सगळ्या फायली कुलूपबंद, आणि बॅकअपची हार्ड डिस्क त्याच सर्व्हरला कायम जोडलेली, म्हणून तीही गेली. अकरा दिवस हाताने चलनं लिहून माल बाहेर पडला. नोंदी तपासल्या तेव्हा दिसलं की शुक्रवारी रात्री साडेनऊपर्यंत त्या एका कॉम्प्युटरबाहेर काही गेलेलं नव्हतं. साडेतीन तास होते आमच्या हातात. एक वायर काढायची होती.

तो मुलगा मला म्हणाला, "मॅडम, मला वाटलं सोमवारी सांगतो, तोपर्यंत काही झालं नाही तर बरंच." यात मला त्याचा दोष फार थोडा दिसतो. गप्प राहणं हाच त्याच्यासाठी शहाणपणाचा मार्ग ठरेल अशी व्यवस्था त्या कंपनीने स्वतःच्या हाताने केली होती.

याच्या उलटही पाहिलंय. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात रिसेप्शनवर निवृत्तीला आलेल्या काकू होत्या. कॉम्प्युटरचं ज्ञान बेताचं. पण तिथे मी सगळ्यांना एकच गोष्ट घोटून घोटून सांगितली होती: काही विचित्र दिसलं तर कॉम्प्युटर बंद करू नका, नेटवर्कची वायर काढा, वायफाय असेल तर बंद करा, आणि फोन करा. बंद का करायचा नाही? कारण काय चाललंय याचे पुरावे बऱ्याचदा चालू कॉम्प्युटरच्या मेमरीत असतात, बंद केला की ते जातात. काकूंनी एक मेल उघडला, माउसचा बाण आपोआप हलायला लागला, त्यांनी मागची निळी वायर उपटली आणि मला फोन केला. वायर ओढताना सॉकेटच तुटला होता. तो सॉकेट बदलायला जेवढा खर्च आला तेवढंच त्या दिवशीचं नुकसान.

आता मालकांशी बोलायला तुम्हाला कायद्याचा आधार लागेल, तो देते. सर्ट-इनने, म्हणजे सायबर घटना हाताळणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेने, २८ एप्रिल २०२२ ला काढलेल्या निर्देशांनुसार, ठरवून दिलेल्या प्रकारच्या सायबर घटना लक्षात आल्यापासून किंवा लक्षात आणून दिल्यापासून ६ तासांत त्यांना कळवाव्या लागतात. हे निर्देश कंपन्यांनाही लागू आहेत. सिस्टीमचे लॉग, म्हणजे कॉम्प्युटरवर काय काय झालं याच्या आपोआप होणाऱ्या नोंदी, १८० दिवस जपून ठेवायचे, हेही त्यातच आहे. वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये आला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले, आणि कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होतात. सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्याबद्दल त्यात २५० कोटी रुपयांपर्यंत, आणि डेटा फुटल्याचं न कळवल्याबद्दल २०० कोटींपर्यंत दंडाची तरतूद आहे. हा दंड संस्थेवर आहे, अकाउंट्समधल्या मुलीवर नाही. म्हणजे कायदा मालकांना विचारणार, तुम्ही काय व्यवस्था केली होती आणि कधी कळवलं? ज्या ऑफिसात माणसं घाबरून लपवतात, तिथे मालकांना कळेपर्यंतच सोमवार उजाडलेला असतो.

पगारातून कपात हा वेगळा कायदेशीर विषय आहे. नुकसान कर्मचाऱ्याच्या थेट हलगर्जीपणामुळेच झालं हे दाखवावं लागतं, त्याला बाजू मांडायची संधी द्यावी लागते. तुमच्या कामगार कायदा सल्लागाराला विचारल्याशिवाय तो आदेश नोटीस बोर्डवर लावू नका.

आता तुमच्याकडच्या प्रकाराकडे वळते. त्या मुलीने 'साधी चूक' केली असं तुम्ही लिहिलंय. मला तसं वाटत नाही. अशा फसवणुकीत बहुतेक वेळा दोघांपैकी एकाच्या मेलबॉक्समध्ये चोर आधीच शिरलेला असतो. पासवर्ड कुठेतरी फुटलेला असतो, लॉगिनला दुसरी पायरी, म्हणजे पासवर्डनंतर मागितला जाणारा कोड, लावलेली नसते. तो आठवडेच्या आठवडे नुसता वाचत बसतो. बिल नंबर, कंटेनरची संख्या, तुमचा ट्रान्सपोर्टर 'जय महाराष्ट्र' लिहून सुरुवात करतो की 'डिअर सर' लिहून, हे सगळं त्याला ठाऊक होतं. कित्येकदा तो मेलबॉक्समध्ये एक नियम लावून ठेवतो, ज्यामुळे ठरावीक माणसाचे मेल परस्पर दुसऱ्या फोल्डरमध्ये जातात आणि मूळ मालकाला दिसतच नाहीत. मग बिल देय झालं की बरोबर त्याच दिवशी, त्याच जुन्या मेलच्या साखळीत, 'खातं बदललंय' येतं. पत्ता नवा असला तरी इंग्रजी 'आर' आणि 'एन' शेजारी शेजारी ठेवले की लहान 'एम'सारखे दिसतात. शंभर मेल बघणाऱ्या डोळ्यांना तो फरक दिसणं कठीण. त्यामुळे 'स्पेलिंग चुकलेले मेल ओळखा' हे प्रशिक्षण आता पुरत नाही. आता तर चोर मराठीतही बिनचूक लिहितात.

यावर उपाय साधा आहे. खातं बदलल्याचा निरोप कोणत्याही मार्गाने आला, तरी आपल्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर, आपण स्वतः फोन करून, ओळखीच्या माणसाकडून खात्री करायची. मेलमध्ये दिलेल्या नंबरवर नाही. फोन कुणी केला, कुणाशी बोलणं झालं, किती वाजता, हे व्हाउचरवर लिहायचं. नव्या खात्यावरचं पहिलं पेमेंट दोघांच्या सहीशिवाय जाणार नाही. बस एवढंच.

मग हे होत का नाही? तुमच्याच प्रश्नात त्याचं उत्तर आहे. तुम्ही लिहिलंय की त्या दिवशी साहेब गाडीतून दोनदा फोन करून म्हणाले, "पेमेंट झालं का? गाड्या अडल्यात." त्या मुलीकडे ट्रान्सपोर्टरचा खात्रीचा नंबर होता का? 'खात्री होईपर्यंत पेमेंट थांबवते' असं साहेबांना सांगायचा अधिकार तिला कुणी दिला होता का? थांबली असती आणि मेल खरा निघाला असता, तर गाड्या अडवल्याबद्दल बोलणी कुणी खाल्ली असती? कर्मचाऱ्याला जबाबदारी द्यायची तर थांबण्याचा अधिकारही द्यावा लागतो. तो नसेल तर नियमावलीवरची सही म्हणजे पुढच्या वेळी दोष कुणाच्या नावावर टाकायचा याची आधीच केलेली सोय.

थांबून विचारण्याची किंमत केवढी असते, याचं एक मोठं उदाहरण माझ्या प्रत्येक प्रशिक्षणात असतं. फेब्रुवारी २०१६ मध्ये बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेच्या सिस्टीममध्ये शिरून चोरांनी न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्ह बँकेतल्या तिच्या खात्यातून जवळपास ९५ कोटी डॉलर काढायचे आदेश पाठवले. व्यवहारांच्या नोंदी छापणारा ढाक्यातला प्रिंटर त्यांनी बंद पाडला होता. कर्मचाऱ्यांना प्रिंटर बंद दिसला. पण प्रिंटर काय, नेहमीच अडकतो. रोज मरे त्याला कोण रडे. वेळ गेला, आणि ८ कोटी १० लाख डॉलर फिलिपिन्सला पोहोचले. त्याच चोरीतले २ कोटी डॉलर श्रीलंकेतल्या एका संस्थेच्या नावाने निघाले होते. त्या आदेशात 'फाउंडेशन' हा शब्द 'फँडेशन' असा चुकीचा लिहिलेला होता. मधल्या बँकेत ते खटकलं, खुलासा मागवला गेला, आणि ते पैसे वाचले. एकाच चोरीत एका ठिकाणी 'असं होतंच' म्हटलं गेलं, आणि दुसऱ्या ठिकाणी 'हे काय लिहिलंय?' म्हणून विचारलं गेलं. तुमच्या माणसांना तांत्रिक काही शिकवायच्या आधी हा दुसरा प्रश्न विचारायची सवय लावा.

'माणसं घोळ घालतातच' या मालकांच्या वाक्याबद्दलही बोलायला हवं. तुमचं काम न्हावा-शेवा बंदराशी, म्हणजे जून २०१७ तुमच्या जुन्या लोकांना आठवत असेल. तिथलं, म्हणजे जेएनपीटीतलं, एक टर्मिनल ठप्प झालं होतं, ट्रेलर रस्त्यावर उभे होते. तो नॉटपेट्या या व्हायरसचा हल्ला. तो युक्रेनमधल्या एका हिशोबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून सुटला आणि तिथून मर्स्क या जहाज कंपनीच्या जगभरच्या जाळ्यात पसरला. हे टर्मिनल त्याच समूहाचं. इथल्या कुठल्याही कारकुनाने कुठल्याही लिंकवर क्लिक केलं नव्हतं. मर्स्कच्या अध्यक्षांनी नंतर जाहीरपणे सांगितलं की दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० कॉम्प्युटर नव्याने उभे करावे लागले. आणि त्या दहा दिवसांत धंदा चालू राहिला तो माणसांनी हाताने कामं रेटली म्हणून. तेव्हा माणूस हीच सगळ्यात कच्ची कडी, हे घासून गुळगुळीत झालेलं वाक्य मी माझ्या प्रशिक्षणातून काढून टाकलंय. ते नेहमी खरं नसतं, आणि ऐकणाऱ्याला ते अपमानासारखं लागतं.

तरीही रोजच्या वागण्यात बदलायच्या गोष्टी आहेतच, आणि तुमच्या धंद्यात त्यातली सगळ्यात मोठी म्हणजे व्हॉट्सॲप. क्लिअरन्सच्या फर्ममध्ये पार्टीचं, म्हणजे ग्राहकाचं, पॅन, आधार, आयईसी (आयात-निर्यातीचा कोड), बिल ऑफ लेडिंग (जहाजावरच्या मालाची पावती), इनव्हॉइस, सगळं ग्रुपवर फिरतं. फील्डवरचा मुलगा डॉकमध्ये उभा, त्याला आत्ता कागद हवा. दुसरा मार्ग दिलेला नाही, मग तो काय करणार? त्याला दोष देऊन उपयोग नाही. पण ते फोटो त्याच्या वैयक्तिक फोनच्या गॅलरीत जातात, तिथून घरच्या सगळ्यांच्या सामायिक फोटो-खात्यात जातात, फोन विकला की दुकानदाराकडे जातात. मी नव्या ठिकाणी गेले की पहिल्या दिवशी एकच गोष्ट करायला सांगते: कामाच्या प्रत्येक ग्रुपची सदस्ययादी उघडा. हमखास दोन-तीन माणसं सापडतात जी नोकरी सोडून गेलीत, आणि त्यातला एखादा आज समोरच्या स्पर्धकाकडे आहे. तुमच्या ग्रुपचंही बघा, आजच.

व्हॉट्सॲप बंद करा असं मी सांगणार नाही. बंद होत नाही, चोरून चालू राहतं. एक सामायिक फोल्डर द्या जो फोनवर सहज उघडेल, ग्रुपवर कागदाऐवजी फोल्डरची लिंक टाकायची सवय लावा, ग्रुपमधल्या फायली आपोआप गॅलरीत उतरण्याचं सेटिंग सगळ्यांच्या फोनवर एकदा बसून बंद करून द्या. आणि कुणी नोकरी सोडली की त्याच दिवशी, हिशोब करण्याआधी, ग्रुपमधून आणि सगळ्या लॉगिनमधून नाव काढायचं. हे शेवटचं काम कर्मचाऱ्याचं नाही, तुमचं आहे.

दुसरी गोष्ट लॉगिन आणि डिजिटल सहीची. आइसगेटचं, म्हणजे कस्टमच्या ऑनलाइन पोर्टलचं, एक लॉगिन पाच जण वापरतात, डिजिटल सहीचं टोकन (पेन ड्राइव्हसारखं) दिवसभर कॉम्प्युटरला लावलेलं, आणि पिन चिकटपट्टीवर लिहून टोकनलाच चिकटवलेला. हे चित्र इतक्यांदा पाहिलंय की ते तुमच्याकडेही असेल असं धरूनच चालते. मालकांची सही असलेला कोरा चेक कुणी टेबलावर ठेवत नाही. टोकन तसंच आहे. काम झालं की काढायचं, ड्रॉवरमध्ये कुलपात ठेवायचं, कुणी घेतलं याची वही ठेवायची. लॉगिन शक्य तिथे प्रत्येकाचं स्वतंत्र हवं. संशयासाठी नाही. उद्या काही झालं तर निर्दोष माणसाला 'ते मी केलं नाही' हे दाखवता यावं म्हणून. माणसांना हे असं समजावलं की ती आपणहून स्वतंत्र लॉगिन मागतात.

पासवर्डबद्दल जुना हट्ट सोडा. दर तीस दिवसांनी बदलायला लावलं की लोक शेवटी एक-दोन-तीन लावत जातात. अमेरिकेच्या मानक संस्थेने, एनआयएसटीने, २०१७ पासूनच सांगितलंय की फुटल्याचा संशय नसताना ठरावीक मुदतीने पासवर्ड बदलायला लावू नका, लांबी महत्त्वाची. चार-पाच असंबद्ध शब्दांचा लांब पासवर्ड, प्रत्येक ठिकाणी वेगळा, आणि मेलला दुसरी पायरी सक्तीची. मेलची दुसरी पायरी लागलेली असती तर तुमचा हा प्रकार टळण्याची बरीच शक्यता होती. किमान तुमच्या बाजूने. ट्रान्सपोर्टरच्या मेलबॉक्सवर तुमचा ताबा नाही, म्हणून तर फोन करायचा.

आणि मालकांना हे हळूच सांगा: जीएसटीचा ओटीपी त्यांच्या फोनवर येतो आणि ते फोनवर कुणीही विचारला की वाचून दाखवतात, हे जवळपास प्रत्येक फर्ममध्ये चालतं. खालची माणसं वरच्यांकडे बघून शिकतात. साहेबांनी स्वतः एकदा "थांब, तू कोण बोलतोयस ते आधी सांग, मी उलट फोन करतो" असं सगळ्यांसमोर म्हटलं, तर तुमच्या दोन पानांचं काम तिथेच होईल.

कागद विसरू नका. आपल्याकडे पाठकोरे कागद वाया घालवायचे नाहीत ही चांगली सवय आहे. पण एका ऑफिसात चहाच्या हिशोबाच्या चिठ्ठीमागे मला पार्टीचं अख्खं बँक स्टेटमेंट दिसलं होतं. पाठकोऱ्यांच्या गठ्ठ्यात ओळखपत्रांच्या झेरॉक्स आणि बँकेचे कागद जाणार नाहीत, रद्दीत देण्याआधी ते फाडायच्या मशीनमधून जातील, एवढं ठरवा. आणि ट्रान्स-हार्बरच्या लोकलमध्ये उभं राहून पार्टीचा खातेनंबर मोठ्याने सांगणारे आपलेच लोक असतात. "स्टेशनवर उतरून सांगतो" म्हणणं कुणालाही जमतं.

आता प्रशिक्षणाबद्दल. तुम्ही विचारलंय, नकली फसवे मेल पाठवून चाचणी घ्यावी का? घ्या, पण मी केलेली चूक करू नका. काही वर्षांपूर्वी रबाळ्याच्या एका कंपनीत मी दिवाळीच्या तोंडावर 'बोनसची यादी' नावाने चाचणीचा मेल पाठवला. अर्ध्याहून जास्त लोकांनी उघडला. आकडा बघून व्यवस्थापन खूश, मीही. नंतर कॅन्टीनमध्ये एक शॉपफ्लोअर सुपरवायझर मला म्हणाले, "त्या दिवशी मी घरी फोन करून सांगितलं होतं, यादी आली म्हणून." मला काय बोलावं सुचलं नाही. पुढचे कित्येक महिने तिथले लोक एचआरचे खरे मेलही उघडत नव्हते, आणि संशयास्पद मेल आम्हाला कळवणं तर बंदच झालं. माणसांच्या गरजेवर बेतलेली चाचणी तेव्हापासून मी घेत नाही. आता चाचणीत किती जणांनी क्लिक केलं हे मी मोजत नाही. पहिला फोन किती मिनिटांत आला, हे मोजते. सत्तरातल्या दहांनी क्लिक केलं आणि अकराव्याने चौथ्या मिनिटाला कळवलं, तर ते ऑफिस सुरक्षित आहे. दोघांनीच क्लिक केलं आणि कुणीच बोललं नाही, तर नाही.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत. तुमचे लोडिंगचे लोक आणि ड्रायव्हर कंत्राटी असतील तर त्यांना ऑफिसचा मेलच नसतो. त्यांच्यासाठी लेखी नियमावली निरुपयोगी, त्यांना गेटवर पाच मिनिटं उभं राहून सांगा, जमलं तर हिंदी-मराठी दोन्हीत. मोठ्या परदेशी पार्ट्यांशी करार असतील तर डेटा फुटल्यावर त्यांना किती तासांत कळवायचं हे करारातच लिहिलेलं असू शकतं, ते काढून वाचा. फोन कंपनीचे की स्वतःचे, यावरही बरंच ठरतं. स्वतःच्या फोनवर कंपनीने किती हात घालावा याला मर्यादा आहे आणि असावी. आणि मुद्दाम डेटा विकणारा माणूस ही वेगळी गोष्ट. करारानुसार हाती आलेली माहिती फायद्यासाठी बाहेर देणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७२ए खाली गुन्हा आहे, त्यात ३ वर्षांपर्यंत कैद आहे. तिथे दयामाया नको. पण चूक आणि चोरी यांना एकाच तराजूत घालू नका. तुमच्या मालकांच्या आदेशात नेमकं तेच झालंय.

नियमावली. दोन पानं नकोत, एक कागद पुरे, प्रत्येक टेबलाजवळ. मी असा लिहीन: 'काही विचित्र दिसलं किंवा हातून चुकलं, तर नेटवर्क तोडा, कॉम्प्युटर चालूच ठेवा, लगेच या नंबरवर फोन करा. बँक खातं बदलण्याचा निरोप आला तर जुन्या नंबरवर फोन करून खात्री होईपर्यंत पेमेंट होणार नाही, सांगणारा कुणीही असो. ओटीपी आणि पिन कुणालाही नाही, साहेबांनाही नाही. पार्टीचे कागद ग्रुपवर नाहीत, फोल्डरमध्ये. पैसे गेलेच तर त्याच क्षणी आपली बँक आणि १९३०.' आणि सगळ्यात खाली, ठळक, मालकांच्या सहीने: 'स्वतःहून लगेच सांगितलेल्या चुकीबद्दल कुणाचाही पगार कापला जाणार नाही.' सह्या घ्यायच्याच असतील तर पहिली ही घ्या.

१९३० बद्दल थोडं. हा सायबर आर्थिक फसवणुकीचा राष्ट्रीय क्रमांक आहे. तक्रार नोंदली की पैसे ज्या बँकेत गेले तिथे ते रोखायची हालचाल सुरू होते. चोरांनी पैसे पुढच्या खात्यांत पांगवण्याआधी कळलं तर काही वाचतात. पंधरा दिवसांनी फार आशा नसते, तरी तक्रार केली नसेल तर आजच करा. सोबत दोन्ही बाजूंचे मेलबॉक्स तपासून घ्या, विशेषतः ते आपोआप मेल वळवणारे नियम. तुमच्या मेलबॉक्समध्ये तसा नियम सापडला तर चोर अजून वाचतोय असं समजा, आणि याबद्दलचं काहीही मेलवर बोलू नका.

शेवटी त्या मुलीचं. ती दोन आठवडे कुणाशी बोलत नाही असं तुम्ही लिहिलंय. तिला अकाउंट्समधून हलवू नका. तुमच्या सगळ्या ट्रान्सपोर्टर आणि विक्रेत्यांच्या खात्रीच्या फोन नंबरांची यादी करायचं काम तिलाच द्या. प्रत्येकाला फोन करून, माणसाचं नाव लिहून घेऊन. हे काम तिच्याइतकं काळजीपूर्वक तुमच्याकडे दुसरं कुणी करणार नाही. यादीत ज्यांचा जुना नंबर कुठेच सापडत नाही असे चार-पाच तरी निघतील. त्यांच्या जुन्या बिलांवर काय छापलंय ते बघून इथे लिहा, त्यांची खात्री कशी करायची ते सांगते.